घसा स्वच्छ, तरी आवाज बसलेला

डोंबिवलीत आवाज बसला की कारण शोधायला लांब जावं लागत नाही. एमआयडीसीतला वास, न संपणाऱ्या रस्त्याच्या कामांची धूळ, लोकलच्या दारातला वारा, स्टेशनबाहेरच्या गाडीवरचं गारेगार सरबत. २०१४ मध्ये हिरवा पाऊस आणि २०२० मध्ये गुलाबी रस्ता पाहिलेल्या शहराने घशाचं खापर हवेवर फोडलं, तर त्याला नावं कोण ठेवणार? बहुतेक वेळा ते खरंही असतं. गुळण्या, हळद-दूध, ज्येष्ठमधाची काडी, थोडी विश्रांती, आणि आठ-पंधरा दिवसांत आवाज मोकळा. हा लेख आहे तो मोकळा न होणाऱ्या आवाजाबद्दल, आणि त्यातल्याही एका दुर्मीळ कारणाबद्दल: स्वरयंत्राच्या कूर्चेतून निघणारी गाठ.

दुर्मीळ म्हणजे स्वरयंत्राच्या शंभर कॅन्सरमध्ये जेमतेम एक, बहुधा त्याहूनही कमी. कल्याणला जन्मभर दवाखाना चालवलेल्या कान-नाक-घसा तज्ज्ञाला असा एकही पेशंट दिसला नाही, तर त्यात आश्चर्य नाही. मग यावर एवढं लिहायचं कशाला? कारण घशाच्या आजाराचे आपले सगळे ठोकताळे इथे उलटे पडतात. ओळख पटायला महिने, कधी वर्षं जातात, आणि एकदा ‘सार्कोमा’ हा शब्द रिपोर्टात आला की घरदार घाबरून पुढच्याच आठवड्यात ऑपरेशनची तारीख मागतं. माझं म्हणणं नेमकं याच्या उलट आहे. निदानात वेळ दवडू नका आणि उपचारात उतावीळ होऊ नका.

कूर्चा म्हणजे नाकाच्या शेंड्याला किंवा कानाच्या वरच्या कडेत बोटाला लागतं ते लवचिक, मऊ हाड. आपलं स्वरयंत्र अशाच कूर्चांच्या सांगाड्यावर उभं आहे. पुढून हाताला लागतो तो कंठमणी, ती थायरॉइड कूर्चा. तिच्या खाली क्रिकॉइड. ही खड्याच्या अंगठीसारखी असते: पुढे बारीक, मागे रुंद. श्वासाच्या साऱ्या वाटेत पूर्ण गोल अशी ही एकच कडी, आणि ती कोसळली तर श्वासाची वाट बंद होते. कूर्चेच्या गाठी सर्वाधिक उगवतात त्या नेमक्या या अंगठीच्या मागच्या रुंद भागात. चारांतल्या सुमारे तीन गाठी तिथे, उरलेल्यांतल्या बहुतेक थायरॉइड कूर्चेत. रुग्ण साधारण पन्नाशीच्या पुढचे, आणि पुरुषांचं प्रमाण बायकांच्या दुप्पट-तिपटीने जास्त.

गाठ जागच्या जागी हळूहळू, वर्षानुवर्षं वाढते. क्रिकॉइडच्या मागून ती आत आली तर श्वासाची वाट अरुंद होते, मागे गेली तर अन्ननलिकेवर दाब पडून घास अडकल्यासारखा वाटतो, बाजूला सरकली तर स्वरतंतूचा सांधा किंवा त्याची नस आवळते आणि एक स्वरतंतू हलेनासा होतो. थायरॉइड कूर्चेत असेल तर गळ्यावर पुढून टणक गाठ हाताला लागते.

पहिला ठोकताळा तंबाखूचा. आपल्याकडे स्वरयंत्राचा नेहमीचा कॅन्सर विडी-सिगारेट, तंबाखू आणि दारूशी जोडलेला आहे. तो आतल्या अस्तराचा कॅन्सर. त्यामुळे ‘मी कधी सुपारीसुद्धा खाल्ली नाही’ म्हणणाऱ्याला घरचे, शेजारी आणि कधी डॉक्टरही निर्धास्त करून टाकतात. कूर्चेच्या गाठीचं तंबाखूशी असं नातं सिद्ध झालेलं नाही. निर्व्यसनी माणसाचा बसलेला आवाजही तपासावाच लागतो.

दुसरा ठोकताळा दम्याचा. चालताना धाप लागते, छातीतून आवाज येतो, मग पंप सुरू होतो. पंपाने फरक पडत नाही, म्हणून त्याची मात्रा वाढते. इथे एक गोष्ट घरबसल्या तपासता येते. दम्याची शिट्टी प्रामुख्याने श्वास सोडताना वाजते आणि ती छातीत असते. स्वरयंत्राजवळ वाट अरुंद झाली की घरघर श्वास आत घेताना येते आणि ती गळ्यात असते. रात्री खोली शांत असताना जवळ बसलेल्या माणसाला हा फरक स्पष्ट ऐकू येतो, मोबाइलवर रेकॉर्ड करून डॉक्टरांना ऐकवता येतो. फुप्फुसांच्या फुंकण्याच्या चाचणीतही, ज्याला स्पायरोमेट्री म्हणतात, वरची वाट अडली असेल तर आलेखाची कमान चपटी दिसते. ‘दमा’ ठरवून सहा महिने झाले आणि पंपाचा गुण नाही, तर छातीच्या डॉक्टरांना सरळ विचारा, ‘अडथळा गळ्यात तर नसेल ना?’

तिसरा ठोकताळा अ‍ॅसिडिटीचा. घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटतं म्हटलं की गोळी अ‍ॅसिडिटीची, आणि ती महिनोन्‌महिने. चौथा थायरॉइडचा. गळ्यावर गाठ दिसली की रक्ताची थायरॉइड तपासणी आणि सुईची तपासणी. थायरॉइड ग्रंथी गिळताना वर-खाली होते तशी कूर्चेची गाठही होते, म्हणून गफलत सहज होते. पण ही गाठ दगडासारखी लागते आणि सुई तिच्यात धड शिरत नाही. सुईच्या रिपोर्टात ‘पुरेसं मटेरियल मिळालं नाही’ असं दोनदा आलं, तर तिसऱ्यांदा सुई टोचून घेण्याआधी स्कॅन करून घ्यावा.

आता करायचं काय? तीन आठवड्यांहून जास्त आवाज बसलेला असेल, तर औषधाची तिसरी बाटली न आणता कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जाऊन दुर्बिणीने स्वरयंत्र बघून घ्यायचं. श्वास घेताना घरघर असेल तर तीन आठवडेही थांबायचं नाही. ठाण्यात महापालिकेचं कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे, त्याला राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय जोडलेलं आहे. खासगी तज्ज्ञ तर ठाण्यापासून कल्याणपर्यंत प्रत्येक मोठ्या चौकात आहेत. या पहिल्या पायरीसाठी मुंबई गाठायची गरज नाही.

या तपासणीची धास्ती अनेकांना असते, म्हणून ती जरा जवळून सांगतो. खुर्चीत ताठ बसवतात. नाकात बधिर करणारा फवारा मारतात, तो कडवट असतो आणि घशात उतरला की गिळलेलं कळेनासं होतं. मग पेन्सिलीहूनही बारीक, लवचिक दुर्बीण नाकपुडीतून आत सरकते. डोळ्यांतून पाणी येतं, एखादी शिंक येते, दुखत मात्र फारसं नाही. पडद्यावर स्वरतंतू दिसतात: दोन पांढुरक्या पट्ट्या, उलट्या ‘व्ही’सारख्या. डॉक्टर ‘ईऽऽ म्हणा’ सांगतात तेव्हा त्या मिटायला हव्यात, खोल श्वास घेतला की उघडायला हव्यात. खरी मेख या खोल श्वासात आहे. स्वरतंतू उघडले की त्यांच्या खालची जागा क्षणभर दिसते आणि कूर्चेची गाठ असली तर ती तिथेच, मागच्या बाजूने आत आलेली दिसते. वरचं अस्तर गुळगुळीत, गुलाबी. ना जखम, ना पांढरा चट्टा. म्हणूनच घाईत बघणाऱ्याच्या नजरेतून ती सुटते आणि कागदावर येतं, ‘घसा स्वच्छ आहे’. सगळं मिळून दोन-तीन मिनिटांचं काम. चित्रीकरण मागून घ्या, पुढच्या डॉक्टरला ते फार उपयोगी पडतं. आणि फवाऱ्याचा बधिरपणा जाईपर्यंत, साधारण तासभर, चहा-पाणी काही घेऊ नका, ठसका लागतो.

(घशात डोकावण्याचं हे वेड मुळात एका गायन शिक्षकाचं. मान्युएल गार्सियाने आरसे आणि सूर्यप्रकाश वापरून स्वतःचे स्वरतंतू पाहिले आणि १८५५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्याची निरीक्षणं वाचली गेली. तो डॉक्टर नव्हता, हे मला फार आवडतं.)

दुर्बिणीत दोनांपैकी काहीही दिसलं, अस्तराखालून आलेला गुळगुळीत फुगवटा किंवा एक स्वरतंतू कारण नसताना जागचा न हलणारा, तर पुढची पायरी सीटी स्कॅन. ‘स्वरतंतूला लकवा, कारण अज्ञात’ एवढ्यावर समाधान मानू नका. गळ्याचा सीटी स्कॅन स्वरयंत्रातून एक मिलिमीटर किंवा त्याहून बारीक कापांचा आणि हाडासाठीच्या वेगळ्या मांडणीसकट हवा. ही मागणी डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच लिहून घ्या. स्कॅन सेंटरवर नुसतं ‘गळ्याचा सीटी’ लिहिलेलं गेलं तर कापही साधेच होतात. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर रंगद्रव्य टोचण्याआधी क्रिएटिनिन तपासून घ्यावं.

सीटीत ही गाठ बऱ्यापैकी ओळखू येते. कूर्चा फुगलेली, तिची कड झिजलेली आणि आत चुन्याचे विखुरलेले दाणे. रेडिऑलॉजिस्ट त्याला ‘पॉपकॉर्न’ म्हणतात. पण उगाच घाबरूही नका. वय वाढलं की स्वरयंत्राच्या कूर्चांत चुना साठतो, त्या हळूहळू हाडासारख्या होतात. साठीच्या कोणाच्याही स्कॅनमध्ये ‘थायरॉइड कूर्चेत कॅल्सिफिकेशन’ हे शब्द येऊ शकतात. तेवढ्याने काही होत नाही. बघायचं ते कूर्चेचा आकार बदलला आहे का, एक बाजू फुगली आहे का. एमआरआय लागतो तो गाठ आजूबाजूच्या मऊ भागात किती गेली हे बघायला, आणि पुढे ऑपरेशन आखायला. सरसकट पेट स्कॅन मागणाऱ्यांशी मात्र माझं जमत नाही. सौम्य प्रतीची कूर्चेची गाठ पेटमध्ये फारशी उजळत नाही, त्यामुळे ‘पेट स्वच्छ’ याचा अर्थ ‘गाठ साधी’ असा लागत नाही.

मग येतो तुकडा, म्हणजे बायोप्सी. सगळ्यात जास्त वेळ वाया जातो तो इथे. अस्तर चांगलं असतं, खालची गाठ कडक असते, चिमटा तिच्यावरून घसरतो, आणि हाती येतो तो अस्तराचा तुकडा. रिपोर्ट येतो: ‘कॅन्सरच्या पेशी नाहीत’. घरात पेढे वाटले जातात. स्कॅन एक सांगतो आणि तुकडा दुसरंच, अशी स्थिती असेल तर विश्वास स्कॅनवर ठेवायचा आणि तुकडा पुन्हा, खोलवर जाऊन घ्यायचा. त्यासाठी पूर्ण भूल, सूक्ष्मदर्शकाखाली अस्तर उघडून गाठीच्या आतला भाग काढणं, असं सगळं लागतं. अशी बायोप्सी छोट्या नर्सिंग होममध्ये करू नये. भूल देताना नळी अरुंद जागेतून गेली नाही, तर क्षणात ट्रॅकिओस्टॉमी, म्हणजे गळ्याला छेद देऊन श्वासाची वाट, करावी लागते. तशी तयारी आणि तशी संमती आधीच हवी. ‘गरज पडली तर गळ्याला भोक पाडावं लागेल का?’ हा प्रश्न तुम्हीच विचारा. ऑपरेशन थिएटरच्या दारात रात्री अकराला सही करण्यापेक्षा ते बरं.

रिपोर्टात तीनपैकी एक शक्यता येते. कॉन्ड्रोमा म्हणजे साधी गाठ. कॉन्ड्रोसार्कोमा म्हणजे कूर्चेचा कॅन्सर, पहिल्या, दुसऱ्या किंवा तिसऱ्या प्रतीचा. किंवा मग, तुकडा लहान असेल तर, ‘कूर्चेची सौम्य प्रतीची गाठ’ अशी सावध भाषा. ही भाषा पॅथॉलॉजिस्टची टाळाटाळ नव्हे. साधी गाठ आणि पहिल्या प्रतीचा कॅन्सर सूक्ष्मदर्शकाखाली जुळे भाऊ शोभतील इतके सारखे दिसतात, आणि एकाच गाठीच्या दोन टोकांना दोन प्रती सापडू शकतात. पूर्ण गाठ निघाल्यावरच अंतिम प्रत ठरते. ‘कॉन्ड्रोमा’ म्हणून काढलेल्या गाठी काही वर्षांनी परत आल्या आणि तेव्हा कॉन्ड्रोसार्कोमा निघाल्या, असं वैद्यकीय साहित्यात पुन्हा पुन्हा नोंदवलेलं आहे. याचा व्यवहारातला अर्थ असा की ‘साधी गाठ’ म्हटल्यावरही फाइल बंद करायची नाही.

इथे एक काम जरूर करा. लॅबकडून काचेच्या स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक मागून घ्या. अर्ज लिहून दिला की मिळतात. हाडा-कूर्चेच्या गाठी रोज पाहणाऱ्या पॅथॉलॉजिस्टकडून त्यांचं दुसरं वाचन करून घ्यायचं. आपल्या भागातल्या माणसाला त्यासाठी परळचं टाटा मेमोरियल हीच सोयीची जागा. १९४१ मध्ये सुरू झालेल्या या रुग्णालयात डोकं आणि मान यांचा वेगळा विभाग आहे, सर्जन, रेडिएशनवाले आणि औषधवाले एकत्र बसून केस बघतात. कूर्चेच्या गाठीसारख्या दुर्मीळ आजारात अनुभव कुठे साठला आहे हे महत्त्वाचं. ठाण्यातल्या मोठ्या खासगी रुग्णालयांत उत्तम सर्जन आहेत, उपचार तिथेच करायला हरकत नाही. फक्त त्यांना एक प्रश्न विचारा: ‘क्रिकॉइडचा अर्धा भाग काढून स्वरयंत्र वाचवायचं ऑपरेशन तुम्ही स्वतः केलं आहे का?’ चांगला सर्जन या प्रश्नाने दुखावत नाही.

टाटाला जायचं तर कल्याणहून स्लो लोकलने परळ किंवा फास्टने दादर, तिथून टॅक्सी. कॅन्सरच्या रुग्णांना लोकलमध्ये दिव्यांगांच्या राखीव डब्यातून जाता येतं, डब्यावर तसं लिहिलेलंही असतं. कागद जवळ ठेवा, कारण तपासनीसाआधी डब्यातले सहप्रवासीच हटकतात. टाटाचीच शाखा असलेलं खारघरचं अ‍ॅक्ट्रेक ठाण्याहून पनवेल लोकलने गाठता येतं. पण श्वासाची घरघर असलेल्या माणसाला सकाळी आठच्या डोंबिवली लोकलमध्ये कोंबून परळला नेऊ नका. श्वास घेताना गळ्याची खाच आत ओढली जात असेल, वाक्य पुरं बोलता येत नसेल, आडवं झोपता येत नसेल, तर १०८ ला फोन करून अतिदक्षता विभाग आणि रात्री भूलतज्ज्ञ असलेलं सर्वांत जवळचं रुग्णालय गाठा. कल्याण-शीळ रस्त्यावरची कोंडी ‘टाटातच जायचं’ या हट्टासाठी सुटणार नाही. आधी वाट मोकळी, मग बाकीचं. अशा वेळी ट्रॅकिओस्टॉमी बहुधा पूर्ण भूल न देता, फक्त जागा बधिर करून करतात, आणि तेच सुरक्षित असतं. सीटीची सीडी हातात असेल तर अनोळखी डॉक्टरचंही काम निम्मं होतं.

हा एक धोका सोडला, तर या आजारात वेळ आपल्या बाजूने असतो. पहिल्या-दुसऱ्या प्रतीची गाठ, आणि बहुतेक याच असतात, शरीरात दुसरीकडे क्वचितच पसरते. पाच वर्षांनंतर या आजारातून वाचलेल्यांचं प्रमाण नव्वद टक्क्यांच्या आसपास आहे. त्यामुळे दुसरं मत घेण्यात तीन-चार आठवडे गेले तरी बिघडत नाही. ‘सार्कोमा’ म्हणून इंटरनेटवर जे वाचायला मिळतं ते बहुतेक मांडीच्या किंवा खुब्याच्या हाडाच्या गाठींबद्दल असतं, ते स्वरयंत्राला जसंच्या तसं लागू होत नाही.

आणि विचार करून निवडायला असा वेळ असतो, म्हणूनच आपल्या घरांतली एक जुनी सवय इथे फार महागात पडते. ‘बाबांना सांगू नका, ते खचतील.’ डॉक्टरांच्या केबिनमध्ये मुलगा आत, बाबा बाहेर बाकावर. इतर आजारांत यावर वाद घाला हवा तर. इथे प्रश्न असा असतो: आवाज वाचवणारं ऑपरेशन करून गाठ परत येण्याची जोखीम पत्करायची, की स्वरयंत्रच काढून टाकायचं? एखाद्या कीर्तनकाराचं उत्तर आणि गोदामात हिशेब लिहिणाऱ्याचं उत्तर एकच येणार नाही. सत्तरी ओलांडलेल्या, लहान गाठ असलेल्या आणि त्रास नसलेल्या माणसाला तर ‘तूर्त काही करू नका, दर काही महिन्यांनी स्कॅन बघू’ हाही रीतसर पर्याय असतो. हे त्याच्याशी न बोलता मुलांनी परस्पर ठरवणं मला मुळीच मान्य नाही. बाबांना आत बोलवा.

उपचार म्हणजे मुख्यतः ऑपरेशन. लहान, आतल्या बाजूला आलेली गाठ तोंडातून दुर्बीण घालून, लेझरने काढता किंवा कोरून कमी करता येते. गळ्यावर छेद नाही, आवाज राहतो, पण मुळाशी काही उरण्याची शक्यता असते आणि काही वर्षांनी पुन्हा करावं लागू शकतं. हळू वाढणाऱ्या गाठीत हा सौदा अनेकांना परवडतो. त्याहून मोठी गाठ असेल तर गळ्यावरून छेद घेऊन थायरॉइड कूर्चा मधोमध उघडतात आणि क्रिकॉइडचा बाधित भाग काढतात. अंगठीचा साधारण निम्मा भाग शाबूत राहिला तर कडी उभी राहते. काढलेल्या जागी बरगडीची कूर्चा बसवण्यासारखे उपाय करतात. ऑपरेशननंतर काही आठवडे, कधी काही महिने, ट्रॅकिओस्टॉमीची नळी राहते आणि गिळण्याचा सराव नव्याने करावा लागतो. पाणी ठसक्यात जातं, घट्ट पेज किंवा मऊ भात आधी जमतो. वाचा-गिळणं उपचारतज्ज्ञाची गाठ ऑपरेशनच्या आधीच घालून द्या, नंतर नव्हे.

पूर्ण स्वरयंत्र काढायची वेळ येते ती क्रिकॉइडचा बहुतेक भाग गेला असेल, गाठ तिसऱ्या प्रतीची असेल, किंवा वारंवार परत येत असेल तर. मानेतल्या लसिकाग्रंथी सरसकट काढण्याची गरज या आजारात सहसा नसते. कोणी तसं सुचवलं तर कारण विचारा. किरणांना ही गाठ फारशी दाद देत नाही. ऑपरेशन शक्यच नसेल किंवा गाठ उग्र प्रतीची असून काही मागे राहिली असेल, तेव्हा किरणोपचाराचा विचार होतो. खारघरला २०२३ मध्ये प्रोटॉन किरणोपचार सुरू झाल्यापासून अनेक जण ‘आपल्याला प्रोटॉन चालेल का’ विचारतात. कवटीच्या तळाच्या कूर्चा-गाठींमध्ये त्याचं स्थान आहे. स्वरयंत्रात पहिलं हत्यार अजूनही सर्जनचा चाकूच. सौम्य प्रतीच्या गाठीला केमोथेरपीचा फायदा दिसत नाही.

खर्चाचं थोडक्यात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं संरक्षण आता कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत आहे आणि पांढऱ्या रेशनकार्डावरही ते मिळतं. पण प्रत्येक ऑपरेशन प्रत्येक रुग्णालयात योजनेत बसेलच असं नाही. म्हणून दाखल होण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला गाठून मंजुरी घ्या, आधी पैसे भरून मग योजना मागितली तर हात हलवत परत यावं लागतं. धर्मादाय न्यासाच्या रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धन आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात. फलक दारात असतो, तरी मागणाऱ्यालाच मिळतात. एमआयडीसीत कामाला असाल तर ईएसआयचं कार्ड आणि रेल्वेत असाल तर कल्याणच्या रेल्वे रुग्णालयाचं पत्र, हे मार्ग आधी तपासा.

स्वरयंत्र काढल्यावर माणूस मुका होतो हा समज आता टाकून द्यायला हवा. श्वास कायमचा गळ्याच्या छिद्रातून, हे खरं. बोलण्यासाठी मात्र तीन वाटा आहेत: श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामध्ये बसवलेली छोटी झडप, गळ्याला टेकवून बोलायचं बॅटरीवरचं यंत्र, किंवा सरावाने येणारा अन्ननलिकेचा आवाज. झडपेचा आवाज सर्वांत नैसर्गिक. तिच्यावर बुरशी बसते, दर काही महिन्यांनी ती बदलावी लागते, आणि परदेशी झडपेचा खर्च सतत चालू राहतो. बंगळुरूच्या डॉ. विशाल राव यांनी ‘ओम’ नावाची अगदी स्वस्त झडप तयार केली, ती याच अडचणीतून. तुमच्या सर्जनला तिच्याबद्दल जरूर विचारा.

रोजच्या जगण्यात काही गोष्टी घरच्यांनीही शिकून घ्याव्यात. छिद्रावर ओलसर जाळीचा रुमाल हवा, कारण नाकाचं गाळणं आता नाही, आणि आपल्याकडे धूळ भरपूर. अंघोळीला तांब्याने पाणी घेताना छिद्र झाकायचं. उल्हास नदीत, खाडीत किंवा विसर्जनाच्या तलावात उतरायचं नाही, गुडघाभर पाणी असलं तरी. २६ जुलै २००५ चा महापूर पाहिलेल्या आपल्या भागात पाऊस वाढला की अशा माणसाने वेळेत वरच्या मजल्यावर जावं. वास कमी येतो, म्हणून घरात गॅसगळतीचा इशारा देणारं यंत्र बसवा. आणि खिशात कार्ड ठेवा: ‘मी गळ्यातून श्वास घेतो. ऑक्सिजन गळ्याला लावा.’ बेशुद्ध माणसाच्या तोंडाला मास्क लावणारा मदतनीस मन लावून काम करत असतो आणि त्याचा काडीचाही उपयोग होत नसतो. स्वरयंत्र शाबूत असलेल्यांनीही एक सांभाळायचं. पुढे कधी हर्नियाचं किंवा दुसरं कसलं ऑपरेशन झालं, तर भूलतज्ज्ञाला क्रिकॉइडची गोष्ट आधी सांगायची, नेहमीच्या मापाची नळी कदाचित जाणार नाही.

राहिला पाठपुरावा. कॅन्सरमध्ये पाच वर्षं गेली की सुटलो, असं आपल्याकडे धरून चालतात. कूर्चेच्या गाठीला हे गणित माहीत नाही. ती दहा वर्षांनीही त्याच जागी परत येऊ शकते, आणि परत आलेली गाठ वेळेत सापडली तर बहुधा पुन्हा काढता येते. म्हणून दुर्बिणीची तपासणी आणि स्कॅन आयुष्यभर, अंतर डॉक्टर ठरवतील. ऑपरेशननंतर सूज उतरली की साधारण तीन महिन्यांनी एक स्कॅन करून घ्या आणि त्याची सीडी वेगळी, नाव-तारीख घालून ठेवा. फोनमध्ये आणि मुलाच्या ईमेलवरही एक प्रत असू द्या, कारण डोंबिवलीच्या दमट हवेत फिल्म एकमेकींना चिकटतात आणि सीडी चार वर्षांनी उघडत नाही. पुढचा प्रत्येक स्कॅन रेडिऑलॉजिस्टने याच पहिल्या स्कॅनशी ताडून बघायचा आहे. नुसता नवा स्कॅन पाहून, ऑपरेशनचा व्रण कुठला आणि नवी गाठ कुठली, हे चांगल्या रेडिऑलॉजिस्टलाही सांगता येत नाही.